गच्चीवर काय ठेवलंय

माझ्या हुद्द्याचं नाव कार्डावर लांबलचक छापलेलं आहे, पण खरं सांगायचं तर मी म्हाताऱ्या प्रोग्रॅमना नव्या घरात नांदवतो. आमच्या कारखान्यात स्प्रिंगा तयार होतात. तार वळवणारं मशीन धडधाकट आहे, आमच्या सगळ्यांच्या नंतरही चालेल. त्याला हुकूम सोडणारा प्रोग्रॅम मात्र तीस वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिला, आणि तो कुणीतरी आता फोन उचलत नाही. दर चार-पाच वर्षांनी साहेब हौसेनं नवे संगणक आणतात, जुना प्रोग्रॅम रुसून बसतो, मग माझ्या नावानं हाका सुरू होतात. मी नव्या संगणकाला जुन्याचं सोंग घ्यायला लावतो. प्रोग्रॅमला वाटतं आपण अजून आपल्याच काळात आहोत, आणि स्प्रिंगा निघत राहतात. या कामात माझा हात धरणारा आसपास कुणी नाही. हे मीच सांगतोय, कारण दुसरं कुणी सांगत नाही.

म्हणूनच वहिनीकडून एक खोका आला, त्यात नऊ फ्लॉप्या निघाल्या आणि आई म्हणाली, "चालतील का रे या?" तेव्हा मी न बघताच म्हणालो, "न चालायला काय झालं!"

वहिनी घर बदलत होती. माळा आवरताना दादाचा खोका सापडला, तो तिनं आमच्याकडे पाठवून दिला. दादाला जाऊन अकरा वर्षं झाली. चार दिवस ताप आला आणि पाचव्या दिवशी तो नव्हता. एक्केचाळीस हे काय वय आहे जायचं? त्याच्याबद्दल घरात बोलायचं नाही असं कुणी ठरवलं नव्हतं, पण कुणी बोलत नव्हतं. आई तर नाहीच नाही.

आता ती माझ्यासमोर बसून एका फ्लॉपीवरची चिठ्ठी वाचत होती. दादाचं तिरकं, घाईतलं अक्षर: "आईचा गेम. हात लावू नये." यातलं दुसरं वाक्य माझ्यासाठी होतं. मी तेव्हा पंधरा वर्षांचा होतो आणि सगळ्याला हात लावायचो.

दादा कॉलेजात असताना आई घरी शिवणकाम करायची. बाहेरच्या खोलीत तिचं पायानं चालवायचं मशीन आणि त्याला खेटूनच दादाचा संगणक. कुठल्याशा ऑफिसातून मोडीत निघालेला तो उचलून आणला होता. वारा सुटला की आई ओरडायची, "अरे, दोरीवरचे कपडे काढा!" आणि आम्ही दोघंही ठार बहिरे व्हायचो. एकदा धुतलेल्या चादरी अंगणाच्या मातीत लोळल्या. आईनं दादाचा कान असा पिरगळला की तो दोन दिवस लाल होता. त्याचा सूड म्हणून त्यानं हा गेम लिहिला. दहा मजल्यांची इमारत. दोऱ्यांवरून कपडे सुटून पडतायत आणि खाली टोपली घेऊन एक बाई पळतेय. बाई म्हणजे मोजून पंधरा-वीस ठिपके, पण तिला अंबाडा होता, त्यामुळे ती कोण हे कळायचं. वीस कपडे झेलले की बाई जिना चढून वरच्या मजल्यावर. तीन कपडे मातीत गेले की खेळ खलास. दहाही मजले चढले की गच्ची.

"गच्चीवर काय आहे?" आईनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"तुझ्यासाठी काहीतरी ठेवलंय."

"काय ठेवलंयस?"

"वर ये, मग बघ."

रोज चार वाजता शिवण बाजूला ठेवून ती तासभर खेळायची. तिची धाव आठव्या मजल्यापर्यंतच. मग दादा नोकरीसाठी लांब गेला, संगणकानं मान टाकली, भंगारवाला तो घेऊन गेला. पण गच्ची काही गेली नाही. दर रविवारी फोनवर सगळं बोलून झालं की दादा म्हणायचा, "गच्ची राहिलीय हं तुझी." आणि आई म्हणायची, "येते रे, घाई काय आहे?" हे वीस वर्षं चाललं. घाई होती हे कुणाला ठाऊक?

फ्लॉपी हातात धरून आई म्हणाली, "मला वर जायचंय. हात चालतायत तोवर. आणि तिथं काय आहे ते तू आधी वाचायचं नाहीस. माझी शपथ आहे तुला."

आई शहात्तर वर्षांची आहे. सुईत दोरा ओवायला आता तिला माझी बायको लागते. "हात चालतायत तोवर" हे ती उगीच म्हणत नव्हती.

फ्लॉपी वाचणारं यंत्र घरात कुठलं असायला! कारखान्याच्या भांडारात एक होतं, ते मी जेवणाच्या सुट्टीत पुसूनपासून जोडलं. नऊपैकी सहा फ्लॉप्यांनी सरळ राम म्हटला. आईची फ्लॉपी खरखरली, थांबली, पुन्हा खरखरली. दादाशी मी आयुष्यभर भांडलो, पण त्या दहा मिनिटांत त्याची जेवढी मनधरणी केली तेवढी कधी केली नव्हती. शेवटी फाइल उतरली. मी तिच्या चार प्रती काढल्या आणि वहीत वाघ मारल्याची नोंद करून घरी आलो.

रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला. आई अंघोळ करून, चांगली साडी नेसून बसली होती. मी बटण दाबलं. इमारत दिसली, दोऱ्या दिसल्या, अंबाडेवाली बाई दिसली आणि पुढच्या क्षणी खेळ खलास. कपडे पडताना दिसलेसुद्धा नाहीत.

"वादळ आलंय का रे?" आई म्हणाली.

बायको स्वयंपाकघरातून खो-खो हसली. मी चिडलो. चूक माझी नव्हती, दादाची होती. कपडा किती वेळानं खाली सरकवायचा, यासाठी घड्याळ बघायचं सोडून त्यानं संगणकाला नुसते आकडे मोजायला बसवलं होतं. वीस हजारांपर्यंत मोज, मग कपडा एक पायरी खाली टाक. त्या काळच्या संगणकाला वीस हजार मोजताना धाप लागायची. आजचा संगणक ते मोजतो तोवर आपली पापणीही लवत नाही. दादा तसा हुशार होता, पण पहिल्यापासून कामचुकार.

मी नव्या संगणकाचा वेग दाबला. आता प्रश्न असा, की किती दाबायचा? जुनं मशीन उरलं नव्हतं, दादा उरला नव्हता. खरा वेग कुठेच लिहिलेला नव्हता.

"आवाज आहे का त्याला?" आईनं विचारलं. होता. कपडा एक पायरी खाली आला की टिक व्हायचं. आईनं डोळे मिटले, उजव्या पायातली चप्पल काढली आणि टेबलाखाली पाऊल हलवायला लागली. टाच, चवडा, टाच, चवडा. मला क्षणभर वाटलं पायाला मुंग्या आल्या असतील.

"जलद आहे," ती म्हणाली. मी कमी केला. "अजून." अजून कमी केला. "आता रेंगाळला. थोडा वाढव. हां, एवढा नको." असं अर्धा तास चाललं, मग एकदाचं तिचं पाऊल आणि टिक एका वेळी पडायला लागले. "हाच," ती म्हणाली. "माझ्या शेजारी बसून तो तासन्‌तास गेम तपासत बसायचा. माझा पाय आपोआप त्याच्या टिकटिकीवर पडायचा. किती ब्लाउजांच्या शिवणी वाकड्या केल्यात त्यानं माझ्या, तुला काय माहीत!"

अकरा वर्षांत तिनं दादाबद्दल सलग तीन वाक्यं बोललेली मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मी मान खाली घालून वेगाचा आकडा वहीत लिहून घेतला.

गेम मात्र तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात हटकून बंद पडायचा. कारण शोधायचं तर प्रोग्रॅम उघडणं भाग होतं. शपथ लक्षात होती. मी सोमवारी कारखान्यात तो उघडला आणि स्वतःला बजावलं, तिसरा मजला दुरुस्त करायचा, वर बघायचं नाही. दुरुस्ती पाच मिनिटांत झाली. आणि मग मी वर बघितलं. खोटं कशाला बोलू? मलाही अकरा वर्षं त्याचा एक शब्द ऐकायला मिळाला नव्हता.

आठवा मजला, नववा, दहावा. त्याच्याखाली इंग्रजी अक्षरांत मराठीत एक ओळ, त्यानं स्वतःसाठी लिहून ठेवलेली: "गच्ची – नंतर." तिच्याखाली संगणकाला हुकूम, पुन्हा पहिल्या मजल्यावर जा. संपलं.

मी फाइल खालीवर केली. दुसऱ्या प्रतीत पाहिलं, तिसऱ्यात पाहिलं. गच्ची नव्हतीच. ही बाई तिथवर पोचत नाही हे त्यानं धरून चाललं आणि नंतरवर टाकलं. वीस वर्षं फोनवर "गच्ची राहिलीय" म्हणून तिला चिडवत राहिला, आणि राहिली होती ती त्याची! मला इतका राग आला, की तो समोर असता तर मी त्याचा दुसरा कान पिरगळला असता. तो समोर नव्हता. मी भांडारातल्या स्टुलावर बसून रडलो. भांडारवाला येऊन तोंड फिरवून गेला, त्याचे उपकार.

मग मी ठरवलं, आपणच लिहावं. त्याच्या नावानं दोन ओळी, आईला काय कळणार? लिहिलं: "आई, तू जिंकलीस. तुझ्यासारखी तूच." दुकानातल्या शुभेच्छापत्रावर असतं तसलं झालं. पुसलं. विनोदी लिहून पाहिलं, तो माझा विनोद झाला, म्हणजे वाईट. पुन्हा पुसलं. चार दिवस जेवणाच्या सुट्टीत मी मेलेल्या भावाची नक्कल करत बसलो, आणि एक ओळही त्याच्यासारखी उतरली नाही. त्याचा आवाज माझ्या कानातून गेलाय, हे मला तेव्हा कळलं.

इकडे आई रोज चार वाजता खेळायला बसत होती. पहिल्या आठवड्यात चौथा मजला. मग पाचवा. मग एकदा सातवा, आणि त्या संध्याकाळी तिनं बायकोला शेजारी बसवून आपण तो कसा चढलो याचं साग्रसंगीत वर्णन केलं. तिचा चेहरा उजळला होता. जेवताना ती म्हणायची, "काय बरं ठेवलं असेल त्यानं? चित्र असेल का रे? का काहीतरी लिहिलं असेल?" मी ताटात बघायचो. मग आठवा मजला आला.

वेगाची किल्ली माझ्या हातात होती. एका सकाळी ती देवळात गेली असताना मी आकडा जरासा वाढवला. किती? दहात एक. कुणाच्या लक्षात येणार नाही असा. तिनं सहाव्या-सातव्यापर्यंत जावं, हसावं, उद्या पुन्हा बसावं. गच्ची वरच राहावी. मला वाटलं, मी तिच्यावर उपकारच करतोय.

त्या दिवशी ती पाचव्या मजल्यावर पडली. दुसऱ्या दिवशी चौथ्या. तिसऱ्या दिवशी कामावरून आलो तर लॅपटॉप मिटलेला, वर रुमाल पांघरलेला, आणि आई खिडकीशी.

"आज नाही बसलीस?"

"नाही रे." ती आपल्या हातांकडे बघत होती. "हात गेले माझे. मागच्या आठवड्यात होते, आता नाहीत. उशीरच केला मी."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. तिला काही माहीत नव्हतं, पण माझं तोंड तिला बरंच काही सांगतं. चहा घेतला, पेपर उघडला, एकच बातमी तीनदा वाचली. आपण आईला म्हातारं करून ठेवलंय, आपण, दहात एक या हिशेबानं, हे मनातून जाईना.

शेवटी मीच म्हणालो, "एकदा बस ना. मी शेजारी बसतो."

ती नको नको म्हणत बसली. दोन मजले गेले. तिसऱ्यावर तिनं अचानक हात उचलले, कपडे मातीत पडू दिले, डोळे मिटले आणि पायातली चप्पल काढली. टाच, चवडा, टाच, चवडा.

"धाकट्या," ती डोळे न उघडता म्हणाली, "हात म्हातारे झाले असतील. पाय नाही झाला. वेग कुणी वाढवला?"

"मी."

"का?"

"तू वर पोचलीस की संपेल ना सगळं," मी म्हणालो. हेही खोटं नव्हतं, पण खरं यापेक्षा जास्त होतं.

तिनं डोळे उघडले. रागावली असती तर बरं झालं असतं. "संपू दे की," ती म्हणाली. "मी तिथं जाण्यासाठीच खेळतेय. मला खालीच ठेवून तुला काय मिळणार होतं?" मी वही उघडली, तिच्या पायानं ठरवलेला आकडा पुन्हा घातला. ते सांगायची वेळ तीच होती. "वर काही नाही" एवढे तीन शब्द. माझ्यानं ते होईना.

त्यानंतर नऊ दिवसांनी, रविवारी, ती नवव्या मजल्यावर पोचली तेव्हा घरात टिकटिकीशिवाय आवाज नव्हता. बायको ओले हात पदराला न पुसताच येऊन उभी राहिली. दहाव्यावर आईचे दोन कपडे मातीत गेले. आणखी एक जरी पडला असता तर खेळ संपला असता, आणि देवाशपथ सांगतो, मी तो पडावा म्हणून हात जोडले होते. आईची बोटं कळांवर चुकत नव्हती. सतरा. अठरा. एकोणीस. विसावा कपडा, एक लांबलचक चादर, टोपलीत आली.

पडदा काळा झाला. आईनं माझा हात धरला.

मग इमारत दिसली. पहिला मजला. दोऱ्या, अंबाडेवाली बाई, रिकामी टोपली. पहिला कपडा सुटून खाली यायला लागला, टिक, टिक, आणि मातीत पडला. दुसरा पडला. तिसरा.

"उघडतंय का अजून?" आईनं विचारलं.

"नाही, आई. वर काही नाहीये. त्यानं लिहिलंच नाही. नंतर लिहिणार होता."

तिनं माझा हात सोडला नाही. पडद्याकडे बघत म्हणाली, "मेल्या!" दादाला ती आयुष्यभर याच नावानं हाका मारत आली होती. तो गेल्यापासून हा शब्द तिच्या तोंडून मी एकदाही ऐकला नव्हता. तिच्याही ते ध्यानात आलं असावं, कारण तिनं तोंडावर पदर घेतला, आणि मग ती रडली, अकरा वर्षं रडायची राहिली होती तशी. बायकोनं मागून तिचे खांदे धरले.

बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले. "तुला कधीपासून माहीत होतं?"

"दुसऱ्या दिवसापासून. शपथ मोडली मी."

"म्हणून वेग वाढवलास."

"हो."

"तू लिहायचंस काहीतरी. मला काय कळलं असतं?"

"लिहिलं होतं. पुसलं. त्याच्यासारखं होईना."

"नसतंच झालं," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "आता लिहिता येईल तिथं? गच्चीवर?"

"येईल. काय लिहू?"

"मी सांगते ते."

मी प्रोग्रॅम उघडला, शेवटपर्यंत गेलो. "गच्ची – नंतर" ही ओळ आईला दाखवली. तिनं चष्मा सारखा करून ती दोनदा वाचली. तिथं बोट ठेवून म्हणाली, "ही राहू दे. हिच्याखाली लिही."

त्या जुन्या प्रोग्रॅमला मराठी अक्षरं येत नव्हती म्हणून मी इंग्रजी अक्षरांत लिहिलं. ती एकेक शब्द सांगत होती, मी उमटवत होतो: "आले रे गच्चीवर. तू कुठे आहेस?"

"खाली 'आई' म्हणून लिहू?"

"त्याला कळेल," ती म्हणाली.

ते कसं दिसतंय हे तिला लगेच दाखवता आलं असतं, मला एक कळ दाबायची होती. ती नको म्हणाली. तिनं लॅपटॉप स्वतःकडे ओढला, खुर्ची सारखी केली आणि पहिल्या मजल्यापासून कपडे झेलायला सुरुवात केली.